ताडपत्रीखालच्या गाडीला हात लावण्याआधी

समजा, तुम्ही बोर्डीच्या नाहीतर तलासरीच्या कॉलेजात शिकताय. दिवाळीच्या सुट्टीत मित्राच्या आजोबांच्या वाडीवर गेलात. चिकूच्या क्रेटच्या थप्प्या, खताच्या रिकाम्या गोणी, मोडका फवारणीचा पंप आणि त्यामागे ताडपत्रीखाली काहीतरी लांबट, बुटकं. ताडपत्री उचलली तर दोन सीटची, लांब नाकाची, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार! टायर बसलेत, काचेवर बोटभर धूळ, मडगार्डवर कोंबड्यांनी केलेला उद्योग. गाडी आजोबांच्या वडिलांनी घेतलेली. चाळीसेक वर्षं जागची हललेली नाही.

आता पुढच्या आठ दिवसांत काय होणार, हे मी आत्ताच सांगतो. भंगारवाला येऊन किलोवर भाव करेल. ओळखीचा गॅरेजवाला म्हणेल, ‘काका, पत्रा ठोकून, पुट्टी मारून, लालभडक करून देतो, मग बघा कसा भाव येतो.’ मुंबईहून कुणाचा तरी कुणीतरी येईल, गाडीभोवती दोन फेऱ्या मारेल, नाक मुरडेल आणि वर म्हणेल, ‘कंडिशन काही नाही, पण रोख देतो, आजच उचलतो.’ आणि मित्र तुमच्याकडे वळून विचारेल, ‘तू गाड्यांचे एवढे व्हिडिओ बघतोस ना, सांग, किती यायला पाहिजेत?’

प्रश्न गमतीचा वाटला तरी उत्तर गमतीत देण्यासारखं नाही. चुकीच्या उत्तराने त्या घराचं लाखोंचं नुकसान होऊ शकतं. आणि बहुतेक वेळा ते गाडी विकण्याआधीच होतं, हौसेने कुणीतरी पॉलिश पेपर हातात घेतो तेव्हा.

डहाणू-घोलवडला असं काही सापडणं अगदीच अशक्य नाही. इराणी-पारशी कुटुंबांनी इथे पिढ्यान्‌पिढ्या चिकूच्या वाड्या केल्या, त्यांची मुंबईला ये-जा कायमची, आणि वाडीवर मोठं गोदाम असलं की जुनी वस्तू फेकायची कुणाला घाई नसते. अर्थात खरं सांगायचं तर तुम्हाला जॅग्वारपेक्षा एखादी येझदी किंवा राजदूत ३५० सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. पण किंमत काढायची रीत दोन्हीकडे तीच. उदाहरणाला जॅग्वार घेऊ, कारण स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत.

आपल्याला गाडीची किंमत म्हटलं की वजाबाकी आठवते. शोरूममधून बाहेर काढली की उतरली. विम्याच्या कागदावर आयडीव्ही नावाचा आकडा असतो, तो याच हिशेबाने येतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, असं करत पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. तिथे तक्ता संपतो. त्यापुढच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. म्हणजे सत्तर वर्षांच्या गाडीबद्दल तक्त्याकडे बोलण्यासारखं काहीच नाही. तुमच्या फोनवरच्या जुन्या गाड्या विकायच्या ॲपचंही तेच. तिथे मॉडेल निवडायच्या यादीतच ती नसेल.

मग किंमत येते कुठून? २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या स्कॉट्‌सडेलला ‘गुडिंग अँड कंपनी’चा लिलाव झाला. त्यात मर्सिडीज ३०० एसएल, म्हणजे पंखांसारखी वर उघडणारी दारं असलेली ती प्रसिद्ध गाडी, एक सोडून दोन होत्या. एक नव्यासारखी चमकवलेली. दुसरी १९५६ ची, कुणीही दुरुस्त न केलेली, रंग उडालेला, गंजाचे डाग, सीट फाटलेल्या. चकचकीत गाडी साधारण १४ लाख डॉलरला गेली. कळकट गाडी जवळजवळ १९ लाखांना!

हे श्रीमंतांचं खूळ म्हणून सोडून देता येईल, पण त्यामागचा विचार आपल्याकडच्या माणसाला कळायला मुळीच अवघड नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचं एखादं जुनं चित्र तुमच्या घरात आहे असं समजा. कागद पिवळा पडलाय, पांढरी रेघ दोन ठिकाणी उडालीय. तुम्ही बाजारातून पांढरा ॲक्रेलिक आणून त्या रेघा नीट गिरवाल का? गिरवल्यात तर चित्र जास्त ‘स्वच्छ’ दिसेल, पण ते मशेंचं उरणार नाही. गाडीचंही तसंच. त्या मर्सिडीजवर कारखान्यातल्या माणसाने फवारलेला रंग होता, तेव्हाची शिवण होती, तेव्हाचे स्क्रू होते. चकचकीत गाडी पैसे टाकून पुन्हा बनवता येते. ही बनवता येत नाही.

जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, ‘फिवा’ने, यासाठी ‘ट्यूरिन सनद’ नावाचा दस्तऐवजच केलाय. जुन्या वास्तूंसाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे, त्याच धर्तीवर. आधी जपा, मग टिकवा, आणि अगदीच इलाज नसेल तरच नवं करा, असा त्याचा सूर. पेबल बीचसारख्या बड्या स्पर्धेत तर दुरुस्त न केलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र गट असतो.

इथवर वाचून ‘म्हणजे जितकी कळकट तितकी महाग’ असं डोक्यात बसलं असेल तर ते लगेच काढून टाका. व्हिडिओवाल्यांनी हा समज फार पसरवलाय. गोठ्यात सापडली, गवताखाली सापडली, करोडोंची निघाली! प्रत्यक्षात अशा बहुतेक गाड्या म्हणजे गंजाने पोखरलेला सांगाडा असतो. त्यामुळे पहिला निर्णय असा घ्यायचा : ही गाडी *मूळ स्थितीत टिकलेली* आहे, की *दुरुस्तीला आलेली* आहे? दोन्हींचा हिशेब पूर्ण वेगळा.

दुरुस्तीला आलेल्या गाडीचा हिशेब उलट बाजूने करतात. आकडे निव्वळ समजण्यापुरते घ्या. तशीच गाडी, पूर्ण दुरुस्त झालेली, बाजारात १०० ला जाते. आपल्या गाडीला तिथवर न्यायला ७० खर्च येईल. उरले ३०. पण घेणारा ३० देणार नाही. त्याचे पैसे दोन-तीन वर्षं अडकणार, उघडल्यावर आणखी काय निघेल ते माहीत नाही, सुटे भाग परदेशातून आणायचे. तो २० वर येऊन थांबेल, आणि ते रास्तच आहे. कधी कधी तर खर्चच १२० निघतो. मग गाडी फुकट द्यायची का? नाही, कारण चेसिस, नंबर, कागद, मूळ दिवे, मीटर, चाकं यांना सुटीसुटी किंमत असते आणि दुसऱ्या कुणाची तशीच गाडी याच भागांसाठी अडलेली असते. टिकलेल्या गाडीला मात्र ही वजाबाकी लावायचीच नाही. तिच्यात काय काय मूळचं शिल्लक आहे ते मोजत वर जायचं. मुंबईहून आलेला तो दलाल दुसऱ्या प्रकारच्या गाडीला पहिल्या प्रकारचा हिशेब लावतो. त्याची सगळी कमाई त्या फरकात आहे.

तर मग गाडी कुठल्या प्रकारची, हे बघायचं कसं? आता ताडपत्री पूर्ण काढा. पाण्याचा पाइप आणू नका! आधी फोटो. जशी आहे तशी, धुळीसकट, चारही बाजूंनी, खालून, आतून, डिकीतून. धूळ कशी बसलीय, टायर जमिनीत किती रुतलेत, हेसुद्धा गाडी किती वर्षं उभी आहे याचा पुरावा असतो. एकदा धुतलीत की तो गेला.

मग एक चुंबक घ्या. फ्रीजवरचा चालेल, पण मागे फडकं लावा, ओरखडा नको. आपली गाडी जॅग्वार एक्सके १२० आहे असं धरलं तर या चुंबकाला फार महत्त्व आहे. ही गाडी १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आली. ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि नावातला १२० म्हणजे ताशी १२० मैलांचा वेग. १९५४ पर्यंत साधारण १२ हजार बनल्या. पण त्यातल्या अगदी सुरुवातीच्या २४० च्या आसपास गाड्यांचं अंग ॲल्युमिनियमचं आहे, लाकडी चौकटीवर बसवलेलं. मागणी इतकी वाढली की पुढे पोलादी पत्रा वापरायला लागले. या पहिल्या गाड्यांचा भाव अर्थातच वेगळा. पण दाराला चुंबक चिकटत नाही म्हणून नाचू नका. पोलादी गाड्यांचीही दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच होतं. चुंबक मडगार्डला लावून बघा. आणि पोलादी मडगार्डवर फिरवताना मध्येच कुठे पकड ढिली पडली, तर तिथे पुट्टीचा थर आहे, म्हणजे कधीतरी ठोकर बसलीय आणि गॅरेजवाल्याने ती झाकलीय.

रंग मूळचा आहे का, हे बॉनेटवर बघून कळत नाही. जिथे कुणी रंगारी कष्ट घेत नाही तिथे बघा. डॅशबोर्डच्या खाली, गालिच्याखाली, दाराच्या बिजागरीमागे. बाहेर हिरवी आणि आत निळी निघाली तर उत्तर मिळालं. रंगाचा टवका उडाला असेल तिथे झाडाच्या खोडाच्या वर्तुळांसारखे थर दिसतात. मोजा.

आता गंज. इथे आपल्या भागाचा भूगोल कामाला येतो. डहाणू, चिंचणी, नरपड, बोर्डी ही सगळी किनाऱ्याची. खारी हवा पत्र्याच्या सांध्यात शिरते, मिठाचा थर ओल धरून ठेवतो, आणि पावसाळ्याचे चार महिने ते काम अखंड चालू. तलासरी आत, महामार्गालगत. तिथेही पाऊस धोधो, पण समुद्राचा खारा वारा तसा अंगावर येत नाही. एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या, एक बोर्डीच्या किनाऱ्यालगतच्या शेडमध्ये आणि एक तलासरीच्या पक्क्या खोलीत चाळीस वर्षं ठेवली, तर दोघींच्या किमतीत किती फरक पडेल ते सांगायला तज्ज्ञ लागणार नाही. वरचा गंज भिववतो, पण तो एवढा वाईट नसतो. वाईट असतो तो दाराखालच्या पट्टीतला, पायाखालच्या पत्र्यातला आणि चेसिसच्या पोकळ डांड्यांतला. बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भुसभुशीत आला तर लिहून ठेवा.

आणि वाळवी! परदेशी पुस्तकांत हे प्रकरण तुम्हाला फारसं सापडणार नाही. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांच्या अंगाखाली लाकडाची चौकट असे. एमजीच्या टी मालिकेतल्या गाड्या बघा, पत्रा सगळा लाकडावर ठोकलेला. मातीच्या जमिनीवर उभी असलेली अशी गाडी म्हणजे वाळवीला आमंत्रण. बाहेरून देखणी दिसते आणि दार उघडलं की खांबासकट हातात येते. उंदरांनी वायरिंग खाल्लं असेल ते वेगळं. तेव्हाच्या वायरवर सुताचं विणलेलं वेष्टण असायचं, त्याचा एखादा तुकडा जरी शिल्लक असला तरी कापून फेकू नका. नवीन तसं बनवणाऱ्याला नमुना लागतो.

इंजिन सुरू करून बघायचा मोह सगळ्यात घातक. ‘नवी बॅटरी लावू, ट्रॅक्टरने ओढू, बघू तरी आवाज कसा येतो.’ अजिबात नाही. आत पिस्टन जाम असेल, तेल कधीच निथळून गेलेलं असेल, आणि एका झटक्यात मूळ इंजिन फुटेल. जाणकार माणूस स्पार्क प्लग काढून आत थोडं तेल सोडतो, काही दिवस थांबतो आणि मग हाताने इंजिन फिरवून बघतो. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर ‘जाम’ असं लिहितो. बंद पण मूळ इंजिन हे चालू पण दुसऱ्याच गाडीच्या इंजिनापेक्षा बहुधा जास्त मोलाचं.

ते मूळ आहे हे कळतं नंबरांवरून. चेसिसचा नंबर, इंजिनचा, गिअरबॉक्सचा, बॉडीचा. एक्सके १२० ला बॉनेटखाली आतल्या पत्र्यावर एक पट्टी असते, तिच्यावर हे नंबर कोरलेले असतात. शिवाय इंजिनच्या ब्लॉकवर आणि चेसिसवरही नंबर ठोकलेले असतात. पट्टी खिळ्यांनी लावलेली, म्हणजे कुणीही काढून दुसऱ्या गाडीला लावू शकतो. म्हणून पट्टी आणि ठोकलेले नंबर जुळायला हवेत. आरटीओत चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात तो तुम्ही बघितला असेल. तसाच इथेही घ्या, कागद ठेवून पेन्सिल घासून. पण नंबर दिसत नाही म्हणून वायर ब्रश किंवा सँडपेपर मारू नका. रॉकेलच्या फडक्याने हळू पुसा. घासलेला नंबर बघून खरेदीदाराच्या मनात पहिली शंका चोरीची येते.

हे नंबर मिळाले की इंग्लंडमधल्या ‘जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट’कडे अर्ज करता येतो. कारखान्याच्या जुन्या वह्या त्यांच्याकडे आहेत. फी भरली, मालकीचा पुरावा दिला की ते दाखला देतात : गाडी कधी बनली, मूळ रंग कुठला, आतलं चामडं कुठल्या रंगाचं, इंजिनचा नंबर काय, आणि कुठल्या विक्रेत्याकडे पाठवली. इतर ब्रिटिश कंपन्यांच्या बऱ्याच नोंदी गेडनच्या ‘ब्रिटिश मोटर म्युझियम’कडे आहेत. वाडीवरच्या गाडीचा नंबर या दाखल्याशी जुळला, की किंमत एका पायरीने नाही, दोन-तीन पायऱ्यांनी वर सरकते.

घरातले कागद शोधताना आपल्या भागात एक मजेशीर गुंता येतो. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी डहाणू-तलासरी ठाणे जिल्ह्यात. त्याआधी, म्हणजे १ मे १९६० पर्यंत, महाराष्ट्रच नव्हता, मुंबई राज्य होतं. आणि राज्यं वेगळी झाली तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली गावं गुजरातेत गेली. त्यामुळे कागदावर गुजरातमधल्या गावाचं नाव किंवा तिथला शिक्का दिसला तर गाडी ‘बाहेरची’ समजू नका. गाडी कदाचित दहा मैलसुद्धा हलली नसेल, सीमा हलली. नंबर प्लेटही आजच्या एमएच-०४ किंवा एमएच-४८ सारखी नसेल. ती पद्धत १९९० च्या आसपासची. जुनी प्लेट गंजली म्हणून काढून टाकू नका, तीही पुरावा.

आरसी बुक, कस्टमचा कागद, टॅक्सच्या पावत्या, पेट्रोल पंपाचं बिल, गॅरेजची चिठ्ठी, टूलकिट, जॅक, जादा किल्ली, लग्नात काढलेला गाडीसमोरचा फोटो. सगळं एका डब्यात. आणि वाडीवर पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. गाडी शेवटची कधी सुरू झाली, कुठल्या पावसात छप्पर गळत होतं, इंजिन कुणी खोललं होतं, हे मालकाच्या नातवाला माहीत नसतं, त्या बाबाला माहीत असतं. त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, तारीख-नाव लिहून ठेवा. मूल्यांकनात याला ‘पूर्वेतिहास’ म्हणतात, आणि त्याचे पैसे होतात.

किती होतात? फ्रान्समध्ये रॉजर बायों नावाच्या वाहतूक व्यावसायिकाने जमवलेल्या जुन्या गाड्या पुढे अनेक दशकं शेतातल्या पडव्यांमध्ये तशाच पडून होत्या. त्यातल्या ५९ गाड्यांचा लिलाव ६ फेब्रुवारी २०१५ ला पॅरिसमध्ये ‘आर्टक्युरिअल’ने केला. एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर तर जुन्या मासिकांच्या ढिगाखाली होती. तज्ज्ञांचा अंदाज ९५ लाख ते १ कोटी २० लाख युरोचा. गेली १ कोटी ६३ लाखांच्या घरात. गाडी मुळातच दुर्मीळ, पण शिवाय अभिनेता आलाँ देलाँचे तिच्यातले जुने फोटो होते. बाकीच्या कित्येक सांगाड्यांनाही त्या दिवशी वेड्यासारखे भाव आले. माझ्या मते त्यातले निम्मे भाव हे गाडीचे नव्हते, त्या गोष्टीचे होते. म्हणून असल्या लिलावाचा आकडा धरून आपल्या गाडीची किंमत लावायची नाही.

तुलनेसाठी खरे झालेले व्यवहार शोधा. जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे फक्त इच्छा. अमेरिकेतली ‘हॅगर्टी’ कंपनी जुन्या गाड्यांना अवस्थेनुसार एक ते चार असे क्रमांक देऊन भाव काढते. एक म्हणजे स्पर्धेत पहिली यावी अशी, चार म्हणजे चालते पण खोडी दिसतात अशी. आपली बंद पडलेली गाडी त्या चाराच्याही खाली येते हे विसरू नका. आणि डॉलरला रुपयाने गुणून मोकळे होऊ नका. तिथल्या खरेदीदाराला तुमची गाडी सहज नेता येत नाही, तिथली गाडी इथे आणायला नियम आणि कर आडवे येतात. इथला बाजार हातावर मोजण्याइतक्या संग्राहकांचा. कधी दोघं हटून बसले की भाव चढतो, कधी वर्षभर कुणी फिरकत नाही. ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’सारख्या क्लबांतल्या लोकांशी बोललात तर इथले खरे भाव कानावर येतात. पण एकाला विचारून थांबू नका, तिघांना विचारा. आणि जो विकतही घेणार आहे त्याच्याकडून मूल्यांकन करून घेऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

कायद्याकडे येऊ. ‘पंधरा वर्षांवरची गाडी भंगारातच जाणार’ असं सांगून भाव पाडतात, त्याला घाबरू नका. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५ हजार. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. रोज कॉलेजला न्यायला ती वापरता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यासाठीच. पण बघा, ‘मूळ स्वरूपात’ ही अट इथेही आलीच. गॅरेजवाल्याने हौसेने डिझेल इंजिन टाकून दिलं असेल तर तो दरवाजाही बंद होऊ शकतो.

गाडी पणजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करायची, फॉर्म ३१ भरून. चार वारस असतील तर चौघांची संमती. हे झालं नसेल तर घेणारा त्याचे पैसे कापतो, आणि कापायलाच हवेत.

करांचं मात्र नीट ऐका. घरची वापरातली गाडी ही ‘वैयक्तिक वापराची वस्तू’, म्हणून तिच्या विक्रीवरच्या फायद्याला कर नाही, असं बरेच जण धरून चालतात. मुंबईतल्या एका गृहस्थांनी १९३१ ची फोर्ड टूरर १९८३ मध्ये २० हजारांना घेतली आणि काही वर्षांनी २१ लाखांना विकली. कर लागू नये असं त्यांचं म्हणणं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२५ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. गाडी वापरता *येण्याजोगी* आहे एवढं पुरत नाही, ती स्वतः *वापरली* होती हे दाखवावं लागतं, आणि तसा पुरावा नव्हता. आता तो डबा आठवा : पेट्रोलचं बिल, गॅरेजची चिठ्ठी, लग्नातला फोटो. तुम्ही ते भावासाठी गोळा करत होतात, ते सीएलाही लागणार आहेत.

एवढं सगळं झालं की मित्राला एका कागदावर लिहून द्या. तारीख, चारही नंबर, काय मूळचं आहे, काय बदललंय, गंज कुठे, वाळवी कुठे, इंजिन जाम की फिरतं, कागद कुठले आहेत. खाली एकच आकडा लिहू नका, दोन लिहा : लगेच विकायची झाली तर इतके, सहा महिने-वर्षभर थांबून योग्य माणूस शोधला तर इतके. प्रत्येक आकडा कुठल्या झालेल्या व्यवहारावरून काढला, तेही. आजोबा दोन्ही आकडे वाचतील, चष्मा काढतील आणि बहुतेक विचारतील, ‘आणि नाहीच विकली तर?’ तर मग जमिनीवरून उचलून विटांच्या ठोकळ्यांवर घ्यायची, खाली वाळवीचं औषध, वर ताडपत्रीऐवजी हवा खेळेल असं सुती कापड, आणि पावसाळ्याआधी छपराचे दोन पत्रे बदलायचे. तेवढं काम तुम्ही दोघं मिळून एका रविवारी करू शकता.